दहा दिवसांची करिष्मा

नारपोली, भिवंडी
४ फेब्रुवारी

करिष्माताई,

तुम्ही माझा फोन कापलात ते एक वेळ ठीक. 'तुमच्या आईकडून बोलतेय' एवढं म्हणेपर्यंत कापलात, आणि त्यानंतर तो लागतच नाही. म्हणून हा कागद. मोरू रिक्षावाला नारपोली ते निजामपुरा शेअर मारतो, जुना माणूस आहे, तुमच्या पॉवरलूमच्या गल्लीत आणून देईल. वाचा नाहीतर चुलीत घाला, पण घालायच्या आधी वाचा.

माझं नाव कमळा. मी नर्स नाही, आया नाही. डॉक्टरांनी हात टेकले की तिथून पुढे शेवटपर्यंत मी माणसाजवळ बसते. तोंड पुसते, कूस बदलते, काय दुखतंय, कशाची भीती वाटतेय ते विचारते, आणि घरच्यांना काय करू नका ते सांगते. आमच्या संस्थेत याला 'अंतकाळची सोबत' म्हणतात. लोक मरणवाली बाई म्हणतात. मला चालतं. नऊ वर्षांत एकसष्ट माणसं माझ्यासमोर गेली. हागलं-मुतलं, पू, जखमा, कशाचीच मला आता घाण वाटत नाही. घाण वाटते ती खाटेभोवती उभे राहतात त्या धडधाकट माणसांची.

तुमच्या आईंना, जानकीबाईंना, लिव्हरचा कॅन्सर आहे. महिना झाला कळून. डॉक्टर म्हणाले घरी न्या, आठ-दहा दिवस. मी सव्वीस जानेवारीपासून तिथे आहे. काचबिंदूने डोळे गेलेत, नुसती सावली कळते. डाव्या कानाने ऐकू येतं. आणि दारातून कुणीही आलं की एकच विचारतात, "करिष्मा आयली का?"

तुमचे भाऊ पंढरीशेठ माझ्यासमोर त्यांना म्हणाले, "फोन केला तिला, नाय येत बोलली." मी बाहेर येऊन विचारलं, शेठ, कधी केलात? तर म्हणतात, "बाई, तुमी तुमचं काम करा." म्हणजे केला नाही. तो केला असता तर तुम्हाला माहीत असतंच.

तुमचं काय झालं ते वहिनीने सांगितलं. तुम्ही रघूशी लग्न केलंत, तो तेलुगू, लूमवर काम करणाऱ्याचा मुलगा. आई म्हणाल्या, माझ्या दारात पाय ठेवू नको. तुम्ही म्हणालात, मेलीस तरी येणार नाही. बारा वर्षं. आणि मधे अंतर किती, तर रिक्षाने वीस मिनिटं, गोडाऊनचे ट्रेलर आडवे आले तर पाऊण तास. मी त्यात पडत नाही. कोण बरोबर, कोण चूक, हे विचारायचं माझं काम नाही.

त्या विचारतात म्हणून कळवलं. या.

कमळा

*

नारपोली
७ फेब्रुवारी

करिष्माताई,

मोरू सांगतो, तुम्ही पाकीट घेतलंत आणि न उघडता मिशीनवर ठेवलंत. असू दे. हे दुसरं त्याच्या शेजारी ठेवा.

आज मला खूप राग आलाय आणि तो कुणाला तरी सांगायचाय. तुमच्या घरी तीन मजले, खाली ग्रॅनाईट, हॉलमध्ये टीव्ही भिंतभर. आणि आईची खाट कुठे, तर मागच्या खोलीत, जिथे तांदळाच्या गोणी आणि मोडकी सायकल. का? तर पाठीच्या जखमांचा हॉलमध्ये वास येतो. रोज दहादा तो गुलाबाचा स्प्रे मारतात. पू आणि गुलाब. मला कालपासून भाताचा घास जात नाही.

आणि ते पाणी! आईंना आता गिळता येत नाही. अशा वेळी घशात पाणी ओतलं की ते छातीत जातं आणि माणूस घुसमटतो, बुडाल्यासारखा. मी पहिल्या दिवशी सांगितलं, कापूस ओला करून ओठाला लावा, बस. ऐकतो कोण? काल नात्यातल्या चुलत्या-मावळणींची रांग. प्रत्येकीच्या हातात चमचा, तांब्यात गंगेचं पाणी. प्रत्येकीला पुण्य हवं. चौथ्या चमच्याला आईंचे डोळे पांढरे झाले, घुर्र घुर्र आवाज यायला लागला, मी कुशीवर वळवून तोंडात बोट घालून पाणी काढलं, आणि मागून एक बाई म्हणते, "थांब ना गो, माझा ऱ्हायलाय." मी चमचा हिसकला आणि मोरीत फेकला. मग काय, मी उद्धट. मी पगारी बाई. मी तोंडाळ. हो, आहे.

एक जण मोबाईल समोर धरून दुबईच्या पुतण्याला दाखवत होता. "बग, आजी बग, बाय कर आजीला." थू.

आज संध्याकाळी दाजी आले. तुमच्या आईचे मामेभाऊ, ज्यांना विचारल्याशिवाय तुमच्या गावात पान हलत नाही. नाडी बघितली, मान हलवली. म्हणाले, "जीव अडकलाय. पोरीत अडकलाय. पोर आयली का बाय सुटंल." मी म्हटलं, मग आणा की पोरीला, वीस मिनिटांवर आहे. पंढरीशेठ म्हणाले, "ती या घरात येनार आनि मी तिच्यासमोर मान खाली घालून हुबा ऱ्हानार? गाव बगनार? नाय."

मग दाजींनी तोडगा काढला. आईला दिसत तर नाही. कोणी तरी बाईमाणसाने जवळ जाऊन म्हणायचं, आई, मी करिष्मा, आले. की झालं. त्यांच्या सासूला असंच सोडवलं होतं म्हणे, मेलेला मुलगा बनून एक जण बसला होता. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचा आवाज बगा, ताईसारखाच जाड हाय."

मी नाही म्हटलं. स्वच्छ नाही. नऊ वर्षांत मी मरणाऱ्याशी एकदाही खोटं बोलले नाही. ते एकच तर भांडवल आहे माझं.

ताई, या लोकांच्या मनात काय आहे ते बघा आणि या. माझ्याने हे किती दिवस अडवलं जाईल सांगता येत नाही.

कमळा

*

नारपोली
१२ फेब्रुवारी

करिष्माताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी नाही म्हटलं हे खरं, पण नंतर हो म्हटलं, आणि त्यानंतर तासाभराने घरी येऊन ते पत्र लिहिलं, हे लिहिलं नाही. म्हणजे तुम्हाला 'मी अडवतेय' असं लिहीत होते तेव्हा करून बसले होते.

का केलं? आई पाच दिवस अन्नाशिवाय होत्या. दुखतंय म्हणून कण्हत नव्हत्या, तुमच्या नावाने कण्हत होत्या. मला वाटलं, सुटतील. हे कारण खरं आहे. पण वहिनी 'आवाज सारखाच' म्हणाली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस पायपुसण्यासारखं बघणारे एकदम हात जोडून, "कमळाताई, तुमीच." मला ते बरं वाटलं. हेही खरं आहे.

तर मी वाकले. चांगल्या कानाशी म्हटलं, "आई, मी आले. करिष्मा." दाजी तुळशीचं पान घेऊन उभे. बाया पदर तोंडाला लावून तयार. पंढरीशेठने भटजींना फोन लावून ठेवला होता म्हणे. आई हलल्या नाहीत. मग हात वर आला, माझ्या तोंडावरून फिरला, आणि म्हणाल्या, "आयलीस गो? जेवलीस का?"

मी म्हटलं, जेवले.

तर म्हणतात, "मना पन दे. चाय दे. घट."

ताई, हसू नका, पण त्या वेळी तुमच्या भावाचं तोंड बघायला हवं होतं. सगळे सोडवायला आलेले, आणि बाई चहा मागते! मी बशीत चार थेंब देऊन बघितले, गिळले. दुसऱ्या दिवशी पेज. तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसल्या. असा एखादा दिवस माणूस उठतो, मी पाहिलंय. पाच दिवस पाहिलं नव्हतं. घरात सगळे हिरमुसले. एक मावळण चक्क म्हणाली, "आता परत यावा लागंल." दाजी तर तेव्हापासून फिरकले नाहीत.

पण आता मला रोज करिष्मा व्हावं लागतं. सकाळी आठला गेले की "कमळा आली" असं कोणी म्हणत नाही. वहिनी ओरडते, "आई, करिष्मा आयली." मी खाटेवर बसते. त्या माझ्या केसातून हात फिरवतात आणि बोलतात. ते बोलणं तुमचं आहे, म्हणून लिहिते.

त्या दर बुधवारी निजामपुऱ्यात यायच्या, डोळे जाईपर्यंत. घरी सांगायच्या, मासळीबाजारात जवळा घ्यायला जाते. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. तीन वेळा तुम्ही दिसलात. एकदा पोटुशी होतात. एकदा मुलीला कडेवर घेऊन रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतात, आणि आईंना ते बघून इतकं हसू आलं की लूमवाल्या पोरांनी विचारलं, मौसी, ठीक हो? मग जवळा घेऊन परत. वहिनी म्हणते, घरात जवळ्याच्या पुड्या इतक्या साठायच्या की मांजरं वैतागली.

हे ऐकल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "मी पण बघितलं होतं तुला, आई." कोणी सांगितलं नव्हतं बोलायला. मनाने जोडलं. त्या रडल्या, माझा हात छातीशी धरून ठेवला, आणि मला बरं वाटलं. मला गं. माझी आई वाड्याकडे गावी वारली तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या उशाशी ड्युटीवर होते. माझ्या केसातून कोणी हात फिरवला त्याला तीस वर्षं झाली.

आता कालची गोष्ट. काल मोरू भेटला, म्हणाला, निजामपुऱ्याला काही द्यायचंय का? आणि माझ्या मनात आलं, नको. आता करिष्माताई नाही आल्या तर बरं. चाललंय ते चालू दे. असं आलं मनात, आणि मला माझीच शिसारी आली. उष्टं खाणाऱ्याला निदान ते उष्टं आहे हे माहीत असतं. मी ते आपलंच ताट समजायला लागले.

तरी लिहून टाकते जे मनात आहे ते. येऊ नका. आई सुखात आहेत.

कमळा

*

नारपोली
१६ फेब्रुवारी

करिष्माताई,

मी येऊ नका लिहिलं आणि तुम्ही आलात. तीनही पत्रं, फोडलेली, हातात घेऊन आलात, ते मी बघितलं.

काल काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात. तरी मी लिहिणार, कारण ते मला माझ्या हाताने लिहिलं पाहिजे. तुम्ही मागच्या दाराने आलात, घामाने भिजलेल्या, ओढणीला सुताचा कापूस चिकटलेला. मी खाटेवर, आईंचा हात माझ्या हातात. तुम्ही दारातच म्हणालात, "आई."

आईंनी मान वळवली. म्हणाल्या, "कोन गो ती?"

"मी करिष्मा."

आणि आई घाबरल्या. खरोखर घाबरल्या, ताई, माझ्या मनगटात नखं रुतली, अजून वळ आहेत. "करिष्मा हितं हाय माझ्याजवल. ही कोन आयली फसवाला? पंढरी! हिला भायेर काढ!" पंढरीशेठ धावत आले. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंच नाही. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. एक शब्द मी बोलायचा होता. तेवढ्यात आईंनी मला विचारलं, "करिष्मा, कोन हाय ही?"

मी म्हटलं, "कोणी नाही, आई."

पंढरीशेठ म्हणाले, पेशंटला त्रास होतो, निघा. तुम्ही निघालात. शिवी दिली नाहीत, थुंकला नाहीत. थुंकायला हवं होतं. मी तुमच्या जागी असते तर झिंज्या उपटल्या असत्या.

मी रोज त्या घरातल्या लोकांना नावं ठेवते. तो स्प्रे, तो चमचा, तो मोबाईल. नाकाने कांदे सोलत होते मी. त्यांनी आईच्या घशात पाणी ओतलं ते निदान अडाणीपणाने. मी शिकलेली, संस्थेचं ओळखपत्र गळ्यात, आणि जिवंत मुलीला समोर उभी करून 'कोणी नाही' म्हटलं. काल घरी येऊन दोनदा आंघोळ केली. सांगायला लाज वाटते, पण खरंच केली, लाईफबॉयने घासून. काही उपयोग झाला नाही.

आईंचं आज परत ढासळलं. पेज नको, चहा नको. पाय गार. लघवी दिवसभरात चमचाभर, काळी. हे मला ओळखता येतं. आता तो चहाबिहा संपला. दोन दिवस, फार तर तीन.

तुम्हाला आता मी कुठल्या तोंडाने 'या' म्हणू? म्हणत नाही. पण आईंना खरं सांगितल्याशिवाय मी जाऊ देणार नाही. वहिनी ऐकेल, शेठ हाकलतील, संस्थेत तक्रार जाईल. जाऊ दे.

एक भीती आहे. खरं ऐकून त्या ताबडतोब गेल्या तर? तुम्ही आला नाहीत आणि मीही खोटी, असं कळून गेल्या तर? मग त्या कुणीच नसताना गेल्या असं होईल. ही भीती मला आज दिवसभर गप्प बसवत होती. की हेही एक निमित्तच होतं, मला आता माझं काही कळत नाही.

कमळा

*

नारपोली
१७ फेब्रुवारी, दुपारी तीन

करिष्माताई,

मोरूला सांगितलंय, मधे एकही पॅसेंजर घेऊ नको, थेट जा. त्याच रिक्षात बसा. उभ्याने वाचा.

आज अकरा वाजता सांगितलं. शेठ गोडाऊनवर गेले होते. आई जाग्या होत्या, शुद्धीत होत्या. मी हात धरला नाही. हात धरून सांगायची माझी लायकी नव्हती. डाव्या कानाशी म्हटलं, "जानकीबाई, मी करिष्मा नाही. मी कमळा. तुमची सोबत करणारी बाई. मी तुम्हाला फसवलं."

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाल्या, "परवा आयली ती?"

"तीच करिष्मा."

"मी तिला काय बोल्ली?"

मी सांगितलं. हिला बाहेर काढ म्हणालात. लपवलं नाही. आणि मी काय म्हणाले तेही सांगितलं.

त्या रडतील असं वाटलं होतं. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी तोंड वाकडं केलं, आजारी माणसाला कडू औषध दिल्यावर करतात तसं, आणि म्हणाल्या, "तरीच. दा दिस झाले, एक डाव पन भांडली नाय. जे बोलला त्याला हो आई, हो आई. माझी पोर अशी गुलगुलीत कवा झाली, मना समजंना. मना वाटला, मीच मारली तिला."

ताई, मी दहा दिवस गोड बोलत होते. मला वाटत होतं, मरणाऱ्याला गोडच लागतं. आणि ती बाई त्या गोडाने झुरत होती की आपल्या मुलीतला सगळा जाळ आपण विझवला. मला एका दिवसात कळायला हवं होतं. तुम्हाला रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना बघून खदखदून हसलेली बाई ती.

मग शेठ आले. वहिनीने ऐकलं असावं, शेठना फोन तिनेच केला असावा, असं मी धरून चालले होते. माझी पिशवी अंगणात, चपला पिशवीवर. "परत दिसलीस तर बग." मी गेटपर्यंत आले तर मागून वहिनी आली, हातात माझा डबा, रिकामा, धुतलेला. डबा देता देता खालच्या आवाजात म्हणाली, "फोन मी नाय केला, शेजारचीने केला. हे चारला परत गोडाऊनवर जातान, आठपर्यंत येत नाय. मागची कडी मी काढून ठेवते." मी तिला किती नावं ठेवली होती या पत्रांत. खोडायला वेळ नाही.

ऐका. आईंचा श्वास मधे मधे थांबतोय, मग मोठा येतो. घाबरू नका, तसंच होतं. पाणी पाजू नका, कोणी म्हटलं तरी नाही. उशाशी वाटीत कापूस आहे, तो ओला करून ओठांना लावा. डाव्या बाजूला बसा. बोलता नाही आलं त्यांना तरी ऐकू येत असतं, शेवटपर्यंत. आणि मी करिष्मा, मी करिष्मा असं सांगत बसू नका. ते नाव दहा दिवस मी वापरलंय, त्याच्यावर त्यांचा भरोसा राहिलेला नाही.

एक निरोप आहे, तो आधी द्यायला हवा होता. माझी पिशवी बाहेर पडत होती तेव्हा आईंनी मला हाक मारली. पहिल्यांदा माझ्या नावाने. "कमले," म्हणाल्या. "तिला गोड बोलून बोलवू नको. पाया पडू नको. तिला सांग, आयशीने बारा वर्सं वाट बगितलीय. भांडाला ये."

कमळा